अत्तर कोणी मागितलं

आमची दिवाळीची सुट्टी शाळेच्या घंटेवर सुरू व्हायची नाही. लूम बंद पडले की सुरू व्हायची. बुधवारा पेठेच्या मागच्या बाजूला आमची खोली आणि खोलीच्या तिन्ही अंगांना पॉवरलूम. खटखट, खटखट, झोपेतसुद्धा खटखट. त्या आवाजात मी जन्मलो, त्यातच बोलायला शिकलो, म्हणून आजही मी तोंड उघडलं की घरातल्यांना वाटतं म्हातारा भांडतोय. भांडत नाही, माझा आवाजच तेवढा आहे. दिवाळीच्या तोंडावर शेठ मशिनींना हार घालायचा, नारळ फोडायचा आणि सगळे लूम एकदम थांबायचे. मग अशी शांतता पडायची की कानात शिट्टी वाजायची. माझी लहान बहीण बेबी त्या शांततेला घाबरून भोकाड पसरायची. माय तिच्या पाठीत धपाटा घालायची, "रडतेस कायले, मामाच्या घरी जायचं आहे!" आमच्याकडे आनंदाची बातमीही धपाट्यासोबत यायची. बाप मारायचा, माय मारायची, मी बेबीला मारायचो आणि बेबी झोळीतल्या मुन्नाला चिमटे काढायची. यात वाईट काय होतं ते मला अजून कळलेलं नाही. आम्ही सगळे जगलो, आणि ताठ मानेनं जगलो.

मागच्या दिवाळीत माझा मुलगा आम्हा सगळ्यांना गाडीत घालून कुठल्याशा धरणाकाठच्या हॉटेलात घेऊन गेला. तिथं निळ्या पाण्याचं मोठं टाकं, आणि त्यात माणसं म्हशींसारखी गळ्यापर्यंत बसलेली. नातू दिवसभर मोबाइल हातात धरून धाड धाड माणसं मारत होता. मी विचारलं, "यातला कोणी ओळखीचा आहे का?" तो म्हणाला, "नाही आजोबा, गेम आहे." मी म्हटलं, मग कसली मजा. तेव्हा सून म्हणाली, "बाबा, तुम्ही लहानपणी सुट्टीत कुठं जायचात?" मी गप्प राहिलो. गप्प राहायची मला सवय नाही, पोटात दुखायला लागतं, म्हणून आता लिहायला बसलो. चौथीच्या पुढे मी शाळेत गेलो नाही. तेव्हा अक्षर वाकडं येईल, गोष्ट वाकडी येणार नाही.

मामाचं गाव ताप्तीच्या पलीकडे, जैनाबादच्याही पुढे. नावेतून नदी ओलांडायची आणि पलीकडे मामाची बैलगाडी उभी असायची. मी सांगतो आहे त्या वर्षी बाप नावेत बसला तो तोंड फुगवूनच. आदल्या दिवाळीला थोरल्या मामानं पंगतीत सगळ्यांसमोर म्हटलं होतं, "लूमवाल्याले बहीण देली, त्यापेक्षा विहिरीत ढकलली असती तर निदान विहीर तरी आपली होती." बापानं भरलं ताट मामाच्या छातीवर फेकलं होतं आणि आम्ही भाऊबीज न करताच परत आलो होतो. माय त्यानंतर वर्षभर कमी बोलली. या वर्षी तिनं हट्ट धरला. बापानं वाटाघाटी नावेतच उरकल्या. पाण्याकडे बघत म्हणाला, "ऐकून ठेव. या वर्षी तुझा भाऊ सरळ वागला तर ठीक. नाही वागला तर तुझं माहेर बंद. मेला तरी जायचं नाही." माय म्हणाली, "सरळ वागंल. मी पाहते." तिच्या मांडीवर एक बोचकं होतं आणि ते तिनं मुन्नापेक्षा घट्ट धरलं होतं.

त्या बोचक्यात एक सदरा होता. बापानं स्वतःच्या लूमवर विणलेलं पांढरं कापड शेठनं दिवाळीला दिलं होतं. आपल्यासाठी काही शिवायच्या ऐवजी मायनं त्याचा थोरल्या मामाच्या मापाचा सदरा शिवून घेतला होता. माप कुठून आणलं देव जाणे. मामा म्हणजे दारात उभा राहिला की घरात अंधार पडेल असा माणूस. सदऱ्यासोबत चौकातल्या दुकानातली अत्तराची एक इवलीशी कुपी. मायची समजूत अशी की माझ्या नवऱ्यानं विणलेलं कापड माझ्या भावाच्या अंगावर एकदा गावानं पाहिलं, की दोघांच्या मधलं वैर निवलं. बायकांना असं वाटतं. पुरुषांना कधी असं वाटत नाही, म्हणून पुरुष कधी काही मिटवत नाहीत.

मामाचं घर केळीच्या मळ्याला लागून, विटांच्या भिंती, वर पत्रा. गाडी दारात थांबली की आधी वास यायचा. चुलीत भाजलेल्या वांग्यांचा, तळणीतल्या शेवेचा, ओल्या केळीच्या पानांचा, आणि त्या सगळ्यांच्या वर चढून बसलेला हेल्याचा. हेला म्हणजे म्हशीचा नर. आमच्या भागात पाडव्याला हेल्यांची टक्कर लावतात आणि मामाच्या हेल्याचं नाव होतं तुफान. त्याला टकरीसाठी तयार करायची एक रीत होती. दसऱ्यापासून त्याला मागच्या अंधाऱ्या खोलीत कोंडायचं. त्यानं दुसरा नर पाहायचा नाही, म्हैस पाहायची नाही, उजेडही पाहायचा नाही. सरकीची ढेप, गूळ, तूप, अंडी असं खाऊ घालून नुसता राग वाढवायचा. त्याच्याजवळ एकाच माणसानं जायचं, आणि त्या माणसानं दसऱ्याला जी बंडी अंगात घातली ती पाडव्याची टक्कर संपेपर्यंत काढायची नाही, धुवायची नाही. अंधारात जनावर डोळ्यानं नाही, नाकानं ओळखतं. तो एक माणूस म्हणजे थोरला मामा. सगळं घर उटणं लावून न्हायचं, नवे कपडे घालायचं, आणि मामा त्यात शेणानं, घामानं, तेलानं काळ्या झालेल्या बंडीत फिरायचा. मामी त्याला अंगणात वेगळं जेवायला वाढायची.

आम्हा पोरांचे ते दिवस म्हणजे नुसती मारामारी. मामाची पोरं आमच्यापेक्षा धिप्पाड. ती मला "लूमचा धोटा" म्हणायची, कारण मी बारीक आणि सारखा इकडून तिकडे पळणारा. मी त्यांच्या पोटात डोकं घालायचो. पत्र्याच्या डब्याखाली सुतळी बॉम्ब लावून डबा कोणाच्या अंगावर पडतो ते बघायचो. एकदा मामेभावाची भुवई फुटली. तो रक्त पुसत हसत होता आणि मामी आम्हा दोघांना एकाच काठीनं झोडत होती. मारून झालं की हातावर गरम भाकरी, त्यावर भरीत, भरितावर कच्चं तेल. डोळ्यांत पाणी आणि तोंडात मिरची. तशी चव मला पुन्हा कुठंही मिळाली नाही. हॉटेलात तर नाहीच, तिथं भरीत मागितलं तर वाढणारा पोरगा मला जाडजूड कागद वाचायला देत होता. दुपारी आम्ही तुफानच्या खोलीच्या दाराला कान लावून बसायचो. आत तो भिंतीवर शिंगं घासायचा. दगडावर दगड ओढल्यासारखा आवाज. मधेच नाकातून हवा सोडली की दाराची फळी थरथरायची आणि बेबी माझ्या दंडात नखं रुतवायची.

लक्ष्मीपूजनापर्यंत बाप आणि मामा सरळ वागले. म्हणजे एकमेकांशी बोललेच नाहीत. माय दोघांच्या मधून ताटं नेत होती आणि दोघांच्या तोंडाकडे पाहत होती. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी दुपारी अंगणात जेवताना बापाच्या जिभेला खाज सुटली. म्हणाला, "पाहुणे, एक सांगा. हेल्याचा वास तुम्हाला लागला का तुमचा हेल्याला?"

मी जेवायचा थांबलो. मायच्या हातातली पळी थांबली. मामानं घास गिळला आणि म्हणाला, "वास तर आहे. पण माह्या अंगाले वास येते तो माह्या जनावराचा येते. तुमच्या अंगाले मशिनीच्या तेलाचा येते, अन् मशीनही शेठची."

धाकटा मामा खो खो हसला. तो थोरल्याच्या निम्माही नव्हता, पण हसायला आणि मारायला नेहमी पुढं. बाप उठू लागला. मायनं मागून त्याचा खांदा इतक्या जोरात दाबला की तो पुन्हा खाली बसला. "जेवा," ती म्हणाली. "दोघंही जेवा. नाहीतर हे गरम तेल आहे माह्या हातात." दोघंही जेवले.

पाडव्याच्या सकाळी मायनं बोचकं सोडलं. आतल्या खोलीत थोरला मामा बाजेवर बसून तुफानच्या गळ्यात बांधायच्या घुंगरांच्या पट्ट्याला तेल लावत होता. खोलीत माय, बाप, मामा आणि दाराशी मी, एवढेच होतो. हे मी मुद्दाम लिहितो आहे. बाकी कोणी नव्हतं.

मायनं सदरा त्याच्यापुढे धरला. "दादा, हे घालून मैदानात जा."

मामानं कापडाला हात लावला. अंगठ्यानं चाचपलं. "चांगलं आहे," म्हणाला, आणि मी बघितलं की माझ्या बापाची मान जराशी वर झाली. "पण आज नाही, शांते. टक्कर झाली की घालतो. तुले माहीत आहे, तुफान मले या बंडीनं ओळखते."

"दर वर्षी काही ना काही निमित्त असते," माय म्हणाली. "यायनं आणलं म्हणून नाही घालत तू. गावानं पाह्यलं तर तुही मान खाली जाते." आणि ती रडायला लागली. माझी माय मार खाताना रडत नसे. ती रडली की कोणाला काय करावं ते सुचायचं नाही.

मामा उठला. त्यानं बंडी डोक्यातून ओढून काढली आणि भिंतीच्या खुंटीवर फेकली. त्याच्या छातीवर बंडीच्या आकाराचा गोरा डाग होता. "तुफान मले ओळखते," तो म्हणाला, "बंडीले नाही. चार महिन्यांचा होता तेव्हापासून माह्या हातानं खाते तो. आण इकडं." सदरा त्याला अगदी बरोबर बसला. मग त्याची नजर कुपीवर गेली. "हे काय? अत्तर? लावा पाहुणे."

बाप म्हणाला, "ते राहू द्या. जनावर आहे. टकरीनंतर लावू."

"भेले का लूमवाले? लावा. दोन्ही कानांत लावा. गावाले कळू द्या, माह्या बहिणीच्या घरून काय आलं ते."

बापानं कापसाचे दोन बोळे भिजवले. मामानं ते स्वतःच्या हातानं दोन्ही कानांत खोचले आणि माझ्या बापाच्या पाठीवर थाप मारली. बाप हसला. त्या दोघांना एकत्र हसताना मी एकदाच पाहिलं आहे, ते तेव्हा. मायनं पदरानं तोंड पुसलं आणि बाहेर जाऊन बेबीला उचलून तिचे पटापट मुके घेतले. बेबीला वाटलं मारतेय, तिनं गळा काढला.

तुफानला बाहेर काढायचं काम मामाच करायचा, पण त्या दिवशी तो पुढं मैदानात मान घ्यायला गेला होता आणि तुफानला दोन बाजूंनी दोर लावून गड्यांनी आणलं. उजेडात आल्याबरोबर त्यानं एका गड्याला नुसत्या मानेच्या झटक्यानं आडवं केलं. नदीकडच्या मोकळ्या वावरात माणसांचं रिंगण धरलेलं, पोरं झाडांवर, बायका गाड्यांवर उभ्या, डफडी कडाडत होती. मायनं मला आणि बेबीला मामाच्या गाडीवर उभं केलं. समोरून जगन पाटलाचा हेला आला. त्याचं एक शिंग आधीच्या कुठल्यातरी टकरीत तुटलेलं होतं. दोर सुटले. दोघांनी माना खाली घातल्या आणि जो आवाज झाला तो माझ्या दातांत झाला. कवटीवर कवटी. पहिल्यांदा काहीच हललं नाही, नुसते चार-चार पाय जमिनीत रुतत गेले. मग माती उडाली. तुफाननं त्याला रेटलं, गाड्यांपर्यंत रेटलं, बायका किंचाळत खाली उड्या टाकू लागल्या. तुटक्या शिंगाच्या खुंटानं तुफानचा कान फाटला आणि रक्त त्याच्या डोळ्यात उतरलं. मी ओरडत होतो, "मार! मार!" मायसुद्धा ओरडत होती. मी आजच्या लोकांना सांगतो, ते पाहताना ओरडला नाही असा माणूस तिथं नव्हता. शेवटी जगन पाटलाच्या हेल्यानं मान काढून घेतली, मुतला आणि पळत सुटला. "पळाला रे पळाला!" गुलाल उडाला.

रीत अशी की जिंकलेल्या जनावराजवळ पहिल्यांदा मालकानं जायचं, वेसण धरायची आणि कपाळाला गुलाल लावायचा. मामा दोन्ही हात वर करून धावला. पांढराफेक सदरा, उन्हात डोळे दिपतील असा. तुफान एका डोळ्यानं आंधळा झालेला, नाकातून फेस, पोट लोहाराच्या भात्यासारखं चाललेलं. मामा म्हणाला, "शाब्बास माह्या राजा," आणि वेसणीला हात घातला. तुफाननं नाक वर केलं. एकदाच हुंगलं. आणि मान खाली घालून मामाला उचललं.

मामासारखा माणूस हवेत गेलेला मी पाहिला. खाली पडायच्या आत दुसऱ्यांदा उचललं. शिंग मांडीत शिरलं आणि तो त्या शिंगावर लटकूनच जमिनीवर ओढला गेला. पांढरा सदरा लाल व्हायला वेळ लागला नाही. रिंगण फुटलं. ज्यांच्या हातात काठ्या होत्या तेच आधी पळाले. धाकटा मामा गाडीच्या चाकाआड. आणि माझा बाप, ज्याला सगळं गाव लूमची काडी म्हणायचं, तो आत शिरला. हातात काही नाही. त्यानं मामाचे दोन्ही पाय धरले आणि मागे ओढत नेला, आणि तुफान त्याच्या मागे आला तेव्हा मामाला सोडलं नाही, स्वतः त्याच्यावर आडवा पडला. तुफाननं डोक्यानं बापाच्या पाठीला धडक दिली. बरगडी मोडल्याचा आवाज मी गाडीवरून ऐकला, असं मी म्हणतो. बेबी म्हणते, इतक्या लांबून ऐकू येणं शक्य नाही. ती तेव्हा डोळे झाकून बसली होती, तिला काय माहीत.

तेवढ्यात मामी आली. मामीचा मी तोपर्यंत आवाजही ऐकला नव्हता, फक्त काठी पाहिली होती. खुंटीवर बंडी तशीच लटकलेली पाहून ती घराकडून धावत आली होती आणि तिच्या हातात ती बंडी होती. तिनं ती पसरून आपल्या अंगावर धरली आणि चालत, धावत नाही, चालत तुफानपुढे गेली. तुफान फुत्कारला. मग त्यानं बंडीत नाक घातलं. घातलं ते काढेच ना. त्याचे पुढचे पाय लटलटत होते. मामीनं वेसण धरली आणि त्याला शेळीसारखं घेऊन गेली. हे सगळ्या गावानं पाहिलं.

पाहिलं, पण तोंडं वेगळंच बोलू लागली. आधी धाकटा मामा चाकाआडून बाहेर आला आणि ओरडला, "यानं अत्तर लावलं! याले माहीत होतं! मागच्या दिवाळीचा काटा काढला!" आणि त्यानं माझ्या बापाच्या तोंडावर काठी मारली. बाप अजून उठलाही नव्हता. मग ज्यांना हेल्यापुढे जायची छाती झाली नव्हती त्या सगळ्यांची छाती एकदम फुगली. लाथा, काठ्या, कोणी चप्पल काढून. मामा शुद्धीवर होता. चार हातांच्या अंतरावर एका गड्याच्या मांडीवर डोकं ठेवून पडला होता, डोळे उघडे. बापानं त्याच्याकडे पाहून म्हटलं, "सांगा ना, पाहुणे." मामानं डोळे मिटून घेतले. मी गाडीवरून उडी मारली आणि धाकट्या मामाच्या मनगटाचा चावा घेतला. दात हाडाला लागेपर्यंत सोडलं नाही. त्याच्या हातावर ती खूण मरेपर्यंत होती आणि मला त्याचा आजही अभिमान आहे.

जैनाबादहून कंपाउंडर आणला. त्यानं देशी दारूनं मामाची मांडी धुतली आणि गोधडी शिवावी तसे टाके घातले. मामानं हूं की चूं केलं नाही. माझ्या बापाला कोणी घरात घेतलं नाही. तो गावाबाहेर मारुतीच्या ओट्यावर बसला, एक डोळा पूर्ण बंद, ओठ दुभंगलेला, श्वास घेताना वाकायचा. पाडव्याला बायको नवऱ्याला ओवाळते. मायनं त्या संध्याकाळी ओवाळलं नाही. नुसती पाण्याचा तांब्या घेऊन गेली आणि पदर भिजवून रक्त पुसत बसली. बाप म्हणाला, "संपलं तुझं माहेर. उद्या सकाळी पोरं घेऊन मी नावेवर जातो. त्याला ओवाळून आलीस तर तुला नावेत जागा नाही. इथंच राहा हेल्यासोबत." माय म्हणाली, "माह्यं कोण ऐकते? दादा सांगंल. मी त्याच्या तोंडून वदवते." बाप म्हणाला, "तो मरेल पण सांगणार नाही."

भाऊबीजेच्या सकाळी बाप बेबीला आणि मुन्नाला घेऊन निघाला. मी गेलो नाही. "चल," म्हणाला. मी मायचा पदर धरून उभा राहिलो. त्यानं मारायला हात उचलला, पण बरगडीतून कळ आली आणि हात तसाच खाली गेला.

मामाच्या ओसरीत बाज टाकली होती. गाव बघायला जमलं होतं, धाकटा मामा मनगटाला चिंधी बांधून खांबाला टेकलेला. बाजेच्या पायथ्याशी नवं लुगडं घडी करून ठेवलेलं, मायच्या ओवाळणीचं. माय ताट घेऊन आली. निरांजन पेटवलं. कुंकू कालवलं, चारही बोटं लाल केली. आणि तशीच थांबली.

"दादा, मले लुगडं नको."

मामानं तिच्याकडे पाहिलं नाही.

"भाऊबीजेले बहीण मागते ते भाऊ देते. मले एक वाक्य दे. अत्तर कोणी मागितलं ते या लोकांसमोर सांग."

केळीची पानं फडफडत होती. मागच्या खोलीत तुफाननं भिंतीवर शिंग घासलं आणि मामाचा चेहरा एकदम म्हातारा झाला. मला तेव्हा कळलं नाही, आता कळतं. मेव्हण्यानं दगा केला, हे त्याला जगासमोर चालत होतं. त्यात माणसाचं काही जात नाही. पण चार महिन्यांचा होता तेव्हापासून ज्याला हातानं भरवलं त्या जनावरानं आपल्याला ओळखलं नाही, आणि आपण त्याला उगाच ओळखीचं समजत होतो, हे गावाला सांगणं त्याला जमत नव्हतं. मी त्याला माफ करत नाही. पण त्याच्या जागी मी असतो तर मीही बोललो नसतो, हेही खरं लिहून टाकतो.

"दादा," माय म्हणाली, "तो तुह्या अंगावर आडवा पडला."

मामा म्हणाला, "ओवाळ, शांते. वात विझते."

तिनं ताट डाव्या हातात घेतलं आणि उजव्या हातानं त्याच्या थोबाडीत मारली. कुंकवानं भरलेल्या चारही बोटांनी. आवाज पत्र्यावर गेला आणि परत आला. धाकटा मामा पुढं धावला तसा थोरल्यानं नुसता हात वर केला आणि त्याला जागेवर थांबवलं. त्याच्या गालावर चार लाल बोटं उमटली होती. त्यानं दुसरा गाल तिच्याकडे वळवला.

"इकडंही मार," तो म्हणाला. "पाहिजे तेवढं मार. पण ते मले बोलाले लावू नको."

गावानं ऐकलं. धाकट्या मामानं मान खाली घातली. मायनं दुसरं मारलं नाही. तिनं त्याच हातानं त्याच्या कपाळाला टिळा लावला, ताट ओवाळलं, सगळं रीतीनं केलं, एकही फेरी चुकवली नाही. ताट बाजेखाली ठेवलं. लुगड्याकडे पाहिलंही नाही. मामी दाराआड उभी होती. तिनं मायच्या पाठीवर हात ठेवला आणि माझ्या खिशात मूठभर शेव कोंबली, एवढी जोरात की खिसा उसवला. त्यानंतर माय जिवंत असेपर्यंत त्या घरी गेली नाही. मामा पुढं लंगडत चालायचा असं ऐकलं. त्यानं तुफानला विकलं नाही आणि पुन्हा टकरीतही उतरवलं नाही.

नदीवर नाव लागलेली होती. नावाडी बांबू धरून उभा, बाप पुढच्या फळीवर, मांडीवर मुन्ना, शेजारी बेबी. मायला येताना पाहून तो उभा राहिला. उभं राहताना त्याचा चेहरा कसा झाला ते मी पाहिलं.

"ओवाळलंस?"

"ओवाळलं."

"मी काय सांगितलं होतं?"

"मारा," माय म्हणाली. ती पाण्यात घोट्यापर्यंत उभी होती. "पण आधी हे पाहा." तिनं हात पुढं केला. बोटांवरचं कुंकू पुसट झालं होतं, पण तळवा अजून लाल होता, मारल्यानं. "दादाच्या थोबाडीत मारली. साऱ्या गावासमोर. मग टिळा लावला."

बाप तिच्या हाताकडे बघत राहिला. मग माझ्याकडे वळला. "खरं रे?"

"खरं," मी म्हटलं. "मोठा आवाज झाला."

बाप हसायला लागला. हसताना त्याचा ओठ पुन्हा फाटला, रक्त हनुवटीवरून मुन्नाच्या झबल्यावर पडलं, बरगडी धरून तो वाकला आणि वाकूनही हसत राहिला. बेबी घाबरून रडू लागली. नावाडी म्हणाला, "भाऊ, डुलू नका, नाव कलते."

माय नावेच्या काठाशी आली. बाप पुन्हा फळीवर बसला होता, पाय पसरून, जागा अडवून, घरात बसायचा तसा.

"सरका," ती म्हणाली.

आणि माझा बाप सरकला.